दूरच्या विमानाचा जमिनीवरचा सोबती : हौशी रेडिओ

आपल्या शाळेच्या पटांगणावर सकाळची वंदना चालू असताना कधीकधी एखादे छोटे विमान घरघरत डोक्यावरून जाते. बारामतीच्या धावपट्टीवर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. तेथील शिकाऊ विमाने नातेपुत्याच्या आकाशातही येत असावीत. वंदना चालू असल्याने मुलांच्या माना खाली असतात, परंतु डोळे वर गेलेले असतात, हे समोर उभ्या असलेल्या शिक्षकाला दिसल्यावाचून राहत नाही. अशाच एका सकाळी आठवीतील एका मुलीने वर्गात मला विचारले, "सर, असलं लहान विमान समुद्रावर गेलं आणि तिथंच बिघडलं, तर ते सांगणार कुणाला?"

मी इतिहासाचा शिक्षक. हा प्रश्न विज्ञानाच्या गुरुजींकडे पाठवून मोकळे होणे सोपे होते. परंतु विचार करता करता लक्षात आले की प्रश्न जितका विज्ञानाचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे. कारण या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी प्रथम दिले, ते कोणी मोठे शास्त्रज्ञ वा सरकारी अधिकारी नव्हते. घरच्या घरी तारा गुंडाळून यंत्रे बनविणारे ते हौशी लोक होते. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांची ओळख माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना करून द्यावी, असे वाटले.

प्रथम छोट्या विमानाची अडचण समजून घेऊ. वैमानिक विमानतळाशी बोलतो तो ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील लहरींवर. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजाच्या पलीकडे त्या उतरत नाहीत. विमान तीन हजार मीटर उंचीवर असेल तर जमिनीवरचे केंद्र सुमारे सव्वादोनशे किलोमीटरपर्यंत त्याचे बोलणे ऐकू शकते. तेच विमान ढगांमुळे तीनशे मीटरवर उतरले की ही मर्यादा सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर येते. म्हणजे संकटात सापडून विमान जसजसे खाली येते, तसतसा त्याचा आवाजही आखूड होत जातो. अडचण नेमकी हीच आहे. भर समुद्रावर दोनशे किलोमीटरच्या आत केंद्र कोठून असणार?

यावरचा उपाय म्हणजे लघुलहरी, ज्यांना आपल्या लहानपणी घरातल्या मोठ्या रेडिओवर 'शॉर्टवेव्ह' म्हणत. जमिनीपासून साधारण ऐंशी ते चारशे किलोमीटर उंचीवर, सूर्याच्या किरणांमुळे विद्युतभारित झालेल्या वायूंचे थर आहेत. त्यांना आयनांबर म्हणतात. तीन ते तीस मेगाहर्ट्झच्या लहरी या थरांवर आदळून पुन्हा खाली वळतात. वर्गात मी हे आरशाच्या कवडशाने दाखवितो. उन्हात आरसा धरला की कवडसा वर्गाच्या दूरच्या भिंतीवर पडतो. आरसा धरणाऱ्याच्या शेजारी बसलेल्याच्या वहीवर मात्र तो पडत नाही. लघुलहरींचेही असेच असते. त्या हजार-दोन हजार किलोमीटरवर स्पष्ट ऐकू येतात आणि तीनशे किलोमीटरवरच्या शेजाऱ्याला मात्र कित्येकदा काहीच ऐकू येत नाही. मधल्या या मुक्या पट्ट्याची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

या लघुलहरींची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९०१ साली मार्कोनीने अटलांटिकपार संकेत पोहोचविला तो लांब लहरींवर. जितकी लहर लांब तितका पल्ला मोठा, अशी तेव्हाच्या तज्ज्ञांची पक्की समजूत झाली होती. अमेरिकेने १९१२ साली कायदा करून चांगल्या, लांब लहरी आरमार आणि कंपन्या यांच्यासाठी राखून ठेवल्या आणि दोनशे मीटरपेक्षा आखूड लहरी निरुपयोगी समजून हौशी लोकांच्या पदरात टाकल्या. गावाच्या चांगल्या जमिनी वाटून झाल्यावर उरलेला खडकाळ तुकडा कोणाच्या वाट्याला येतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. परंतु या खडकातच पाणी निघाले. नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिकेतील फ्रेड श्नेल आणि जॉन राइनार्ट्झ या दोन हौशी मंडळींनी फ्रान्समधील लिओं देलोय या तिसऱ्या हौशी माणसाशी सुमारे शंभर मीटरच्या लहरीवर दुतर्फा संभाषण केले. अटलांटिकपार हौशी मंडळींचे ते पहिले संभाषण होते. मग ज्यांनी ही जागा टाकून दिली होती, त्या सर्वांना ती हवी झाली. याच राइनार्ट्झ यांना १९२५ साली मॅकमिलन यांच्या उत्तर ध्रुवप्रदेशातील मोहिमेत बिनतारी यंत्र चालविण्यास नेण्यात आले. त्या मोहिमेत विमानेही होती. साहसी उड्डाण आणि हौशी रेडिओ यांची गाठ पडली ती अशी.

या दोहोंच्या संबंधातील सर्वांत बोलका प्रसंग मात्र १९२८ सालचा आहे आणि तो मी थोडा सविस्तर सांगणार आहे.

इटलीचे सेनानी उंबेर्तो नोबिले 'इटालिया' नावाचे वायुजहाज घेऊन उत्तर ध्रुवावर गेले. २४ मे रोजी ते ध्रुवावर पोहोचले आणि परतताना २५ मे रोजी वादळात सापडून बर्फावर आदळले. दहा माणसे बर्फावर फेकली गेली, त्यांपैकी एक लगेचच मरण पावला. उरलेल्या सहा जणांना घेऊन हलका झालेला फुगा वाऱ्याबरोबर निघून गेला. ते सहा जण पुन्हा कधीच सापडले नाहीत. सामानात एक लहानसा आणीबाणीचा प्रक्षेपक शाबूत राहिला होता. ज्युसेप्पे ब्याजी या बिनतारी यंत्रचालकाने मोडक्यातोडक्या साहित्यातून अँटेना उभारली आणि ठरलेल्या वेळी, दिवसामागून दिवस, तो मदतीची हाक पाठवू लागला. मोहिमेचे साहाय्यक जहाज 'चित्ता दी मिलानो' स्वालबार्डच्या किंग्ज बे बंदरात, तेथून काहीशे किलोमीटरवर उभे होते. त्याला काही ऐकू आले नाही. ब्याजीच्या ग्राहक संचावर मात्र जगाच्या बातम्या ऐकू येत होत्या. आपल्याला शोधण्याविषयीच्या चर्चा ऐकायच्या आणि आपली हाक मात्र कोणालाही पोहोचू नये, अशी त्या तंबूतील माणसांची अवस्था होती.

३ जून १९२८ रोजी रशियातील वोझ्नेसेन्ये-वोख्मा या आडगावी निकोलाय श्मिट नावाचा विशीतला तरुण स्वतः बनविलेला साधा ग्राहक संच घेऊन बसला होता. त्याला काही तुटक अक्षरे ऐकू आली : इटालिया, नोबिले, आणि पुन्हा पुन्हा 'एसओएस'. भूभागाचे नाव नीट लागत नव्हते. परंतु त्याने ती अक्षरे जशी ऐकू आली तशी उतरवून घेतली आणि मॉस्कोतील रेडिओप्रेमींच्या संस्थेला तार केली. जहाज काहीशे किलोमीटरवर होते आणि हा तरुण दोन हजार किलोमीटरहून दूर. कवडशाचे उदाहरण येथे आठवावे. जवळचे जहाज बहुधा त्या मुक्या पट्ट्यात होते. शिवाय ब्याजी बोलत असेल यावर तेथील लोकांचा विश्वासही उरला नव्हता, आणि वृत्तपत्रांच्या तारा पाठविण्यात त्यांचे यंत्र गुंतलेले असे. ऐकण्याची इच्छा नसेल तर उत्तम यंत्रही बहिरे असते, असे माझे मत आहे.

माणसे जिवंत आहेत हे कळल्यावर शोधाला दिशा मिळाली. लवकरच 'चित्ता दी मिलानो'चाही तंबूशी संपर्क झाला. नोबिले यांना एका स्वीडिश वैमानिकाने विमानातून आणले, आणि १२ जुलै रोजी सोव्हिएत बर्फफोडी जहाज 'क्रासिन' उरलेल्यांपर्यंत पोहोचले. दक्षिण ध्रुवावर पहिले पाऊल ठेवणारे रोआल्ड आमुंडसेन मात्र या शोधासाठीच विमानाने निघाले आणि १८ जूननंतर परतले नाहीत. इतिहासाने आमुंडसेन यांना लक्षात ठेवले, ते योग्यच आहे. श्मिट याचे नाव काही काळ गाजले आणि मग बुजले. पुढे युद्धकाळात त्याच्याच देशाने त्याला खोट्या आरोपावरून पकडले आणि १९४२ साली गोळ्या घातल्या. तो निर्दोष होता हे त्याच्या देशाने मान्य केले ते कित्येक दशकांनी. दूरदूरचे ऐकू शकणाऱ्या माणसाची सत्तेला भीती वाटते, ही गोष्ट एकट्या रशियाची नाही.

आपल्याकडेही दुसरे महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हौशी रेडिओचे परवाने रद्द करून यंत्रे ताब्यात घेतली. तरीही १९४२ च्या आंदोलनात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. त्याच्या उभारणीत या हौशी क्षेत्रातील तंत्रज्ञाचा हात होता. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला पोलिसांचा छापा पडेपर्यंत तो जागा बदलत बोलत राहिला. त्याची लहर ४२.३४ मीटर सांगितली जाते. तीनशेला या आकड्याने भागून पाहा, सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ येते. आजही भारतातील हौशी मंडळी याच पट्ट्यात एकमेकांना हाका मारतात. हे विषयांतर झाले, परंतु इतिहासाच्या शिक्षकाला इतकी सवलत असावी.

मूळ विषयाकडे वळू. पूर्वीचे वैमानिक रेडिओ बरोबर नेत असत का? पुष्कळदा नसत. चार्ल्स लिंडबर्ग १९२७ साली न्यूयॉर्कहून पॅरिसला एकटे गेले ते रेडिओवाचून. त्या वजनाइतके इंधन त्यांना अधिक मोलाचे वाटले. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणले, त्या एक इंजिनाच्या 'पस मॉथ' विमानातही रेडिओ नव्हता. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे टपाल मद्रासला नेले. दख्खनच्या पठारावरून जाताना खालच्या नद्या, रूळ आणि डोंगर हेच त्यांचे वाटाडे.

परंतु समुद्रावर नद्या आणि रूळ नसतात. श्मिटने ती हाक ऐकली त्याच आठवड्यात चार्ल्स किंग्जफोर्ड स्मिथ यांचे 'सदर्न क्रॉस' विमान कॅलिफोर्नियाहून हवाई व फिजीमार्गे ऑस्ट्रेलियाला निघाले होते. त्यांनी चौघांपैकी एक जागा खास बिनतारी यंत्रचालक जेम्स वॉर्नर यांना दिली होती, आणि ९ जून रोजी ते सुखरूप ब्रिस्बेनला उतरले. लिंडबर्ग यांनीही आपले मत बदलले. १९३१ साली कॅनडा, अलास्का आणि जपानमार्गे चीनला जाताना त्यांच्या पत्नी अ‍ॅन मॉरो लिंडबर्ग 'कडकट्ट'ची भाषा शिकून, परवाना काढून यंत्रचालक म्हणून मागच्या आसनावर बसल्या. वैमानिकाची पत्नी म्हणून वृत्तपत्रांनी त्यांच्या पोशाखाचीच चर्चा अधिक केली. वास्तविक विमानाचा जगाशी असलेला धागा त्यांच्या बोटांत होता.

धागा हाती नसला तर काय होते, याचे उदाहरण अमेलिया इअरहार्ट. पृथ्वीप्रदक्षिणा करताना त्या जून १९३७ मध्ये कराची आणि कलकत्ता येथे उतरल्या होत्या. २ जुलै रोजी न्यू गिनीतील लाए येथून सुमारे चार हजार किलोमीटरवरच्या हाउलंड या इवल्या बेटाकडे त्या निघाल्या. तेथे 'इटास्का' हे जहाज त्यांची वाट पाहत होते. जहाजाला त्यांचा आवाज ऐकू येत होता, कधी इतका स्पष्ट की विमान जवळच असावे. परंतु जहाजाचे बोलणे त्यांना पोहोचत नव्हते. दिशा शोधण्यासाठी दोन्ही बाजूंनी वापरलेल्या लहरींचा मेळ बसला नाही. आणि त्या व त्यांचे सहकारी फ्रेड नूनन 'कडकट्ट'मध्ये तरबेज नव्हते. भाषणाचा आवाज जेथे बुडतो, तेथेही टिंब-रेघेचा बारीक सूर गोंगाटातून वर येतो. ती शिदोरी त्यांच्याजवळ नव्हती. विमान बेपत्ता झाल्यावर अनेक हौशी श्रोत्यांनी त्यांचा आवाज ऐकल्याचे कळविले. त्यांतील काही थापा होत्या, काही भास, काहींविषयी अजून वाद आहे. ऐकणाऱ्याने प्रामाणिक असावे लागते, हेही त्यातून दिसले.

आता आपल्या महाराष्ट्राची गोष्ट. मुंबईची आरोही पंडित ही तरुणी मे २०१९ मध्ये 'माही' नावाच्या अतिहलक्या विमानातून एकटी अटलांटिक ओलांडून गेली. स्कॉटलंडमधील विक येथून आइसलँड आणि ग्रीनलँडला थांबत कॅनडातील इकालुइट येथे ती १३ मे रोजी पोहोचली, तेव्हा ती अवघी तेवीस वर्षांची होती. अशा विमानातून एकटीने अटलांटिक पार करणारी ती जगातील पहिली महिला. टाटा यांच्या उड्डाणाच्या स्मरणार्थ १५ ऑक्टोबर २०२१ रोजी तिने भूजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत उपग्रहाच्या दिशादर्शनावाचून उड्डाणही केले. माझ्या वर्गातील मुलीच्या प्रश्नातले 'असलं लहान विमान' ते हेच.

अशा विमानांना आज उपग्रहाचा फोन आणि ठावठिकाणा सांगणारी यंत्रे मिळतात. मग हौशी मंडळींचे काम संपले का? नियमाप्रमाणे विमानांच्या लहरी वेगळ्या आणि हौशी लोकांच्या वेगळ्या. हौशी केंद्राने विमानतळाचे काम करायचे नसते, आणि विमानातून हौशी रेडिओ चालवायचा असेल तर परवानाधारक हवा, विमानप्रमुखाची संमती हवी. परंतु मोहिमांच्या भोवती ही मंडळी आजही दिसतात. हेलियम वा हायड्रोजन भरलेला लहानसा फुगा, त्याला काही ग्रॅम वजनाचा, सूर्यप्रकाशावर चालणारा प्रक्षेपक, आणि त्यातून टॉर्चच्या दिव्याहूनही कितीतरी क्षीण शक्तीचे संकेत. असे फुगे दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फेऱ्या मारतात आणि देशोदेशीचे हौशी लोक त्यांचा माग ठेवतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही हौशी रेडिओ केंद्र आहे. जुलै २०२५ मध्ये भारताचे शुभांशु शुक्ला यांनी त्यावरून आपल्या देशातील विद्यार्थ्यांशी संवाद साधला. स्थानक डोक्यावरून सरकत असल्याने असा संवाद जेमतेम दहा मिनिटे चालतो.

याहून जवळची एक गोष्ट सांगायची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. माझी आत्या उमरगा तालुक्यात राहत असे. फोन लागत नव्हते. रस्त्यावर मदतीच्या आणि मृतदेहांच्या गाड्यांची दाटी. तीन दिवस वडील ओट्यावर बसून होते, जेवणाचे ताट तसेच आत जात होते. चौथ्या दिवशी सोलापूरहून एका ओळखीच्या माणसाबरोबर चिठ्ठी आली : सर्व सुखरूप, घर पडले, येऊ नका. सहाच शब्द. खाली 'व्हीयू२' ने सुरू होणारी पाच-सहा अक्षरे होती. कुठल्या तरी फाईलचा क्रमांक असेल, असे आम्ही समजलो. तो हौशी रेडिओ केंद्राचा कॉलसाइन होता, भारतातील अशा केंद्रांची नावे 'व्हीयू'ने सुरू होतात, हे मला पंधरा वर्षांनी एका पुस्तकातून कळले. मुंबई-पुण्याकडून आणि हैदराबादेहून हौशी मंडळी आपापली यंत्रे व बॅटऱ्या घेऊन त्या दिवसांत भूकंपग्रस्त भागात गेली होती, असेही मग वाचले. ज्याने ती चिठ्ठी पाठविली त्याचे नाव मला ठाऊक नाही. वडिलांनी ती चिठ्ठी पाकिटात ठेवली होती. त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली आहे.

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीतही असेच घडले. दिल्लीच्या भारती प्रसाद हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी अंदमानात गेल्या होत्या. दूरदूरच्या देशांशी गप्पा माराव्यात म्हणून नेलेली यंत्रे २६ डिसेंबरनंतर पोर्ट ब्लेअरहून सुखरूपतेचे निरोप पाठविण्यास लागली.

पालक विचारतील, याला खर्च किती आणि परवानगी कोणाची? आपल्या देशात केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून परीक्षा देऊन परवाना मिळतो. बारा वर्षे पूर्ण झालेले मूल परीक्षेला बसू शकते. विजेचे व रेडिओचे प्राथमिक ज्ञान आणि नियम विचारतात. वरच्या श्रेणीसाठी 'कडकट्ट' यावे लागते. आठवी-नववीचे विज्ञान नीट झालेल्या मुलाला हे जड नाही. या रेडिओवर पैसे मिळविता येत नाहीत, व्यापाराचे निरोप देता येत नाहीत, गुप्त भाषेत बोलता येत नाही. परवान्यावाचून बोलणे हा गुन्हा आहे. म्हणून आमच्या मुलांनी आधी ऐकायला शिकावे, असे आम्ही ठरविले.

आपल्या एका माजी विद्यार्थ्याने गेल्या वर्षी एक जुना ग्राहक संच शाळेला दिला. सात मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या लहरीची अँटेना हवी, म्हणजे सुमारे वीस मीटर तांब्याची तार. मुलांनी ती वसतिगृहाच्या गच्चीपासून कडुलिंबाच्या झाडापर्यंत ओढली आणि मध्ये तोडून दोन्ही टोके संचाला जोडली. पहिल्या आठवड्यात खरखरीखेरीज काही मिळाले नाही. तार विजेच्या खांबाला समांतर जात होती, ती काटकोनात फिरविल्यावर फरक पडला. आता रविवारी पहाटे, वंदनेपूर्वी, सहा-सात जण तेथे बसतात. प्रश्न विचारणारी ती मुलगी नववीत गेली आहे. तिने वहीच्या मागच्या पानावर टिंब-रेघांचा तक्ता काढला आहे आणि आतापर्यंत चौदा कॉलसाइन वेळेसह उतरविले आहेत. त्यांतील नऊ 'व्हीयू'ने सुरू होतात. उरलेल्या पाचांचे देश शोधण्यासाठी ती सध्या भूगोलाच्या बाईंचा नकाशासंग्रह मागून नेते आणि वेळेवर परत करीत नाही, अशी बाईंची तक्रार आहे.